जुना छोटा ट्रॅक्टर घेतांना

बैलबाजारांत गेलेला जाणता शेतकरी बैलाचे दांत पाहतो, खांदा चाचपतो, त्याला चार पावलें चालवून बघतो आणि मगच किंमतीचें बोलणें काढतो. शिंगांना लावलेल्या रंगाचें किंवा गळ्यांतील घुंगुरमाळेचें त्याला कांहींच वाटत नाहीं. कारण रंग विकणाऱ्याचा असतो आणि खांदा बैलाचा असतो. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळें ती कोणाला मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. बैलाच्या जागीं ट्रॅक्टर आला तो मात्र इतक्या अलीकडे, कीं त्याचे दांत कोठें पाहावे आणि खांदा कोठें चाचपावा, याचें ज्ञान अजून घरोघर पोंचलेलें नाहीं. नव्या ट्रॅक्टराच्या पाठीशीं कारखान्याची हमी असते. जुना घेतांना घेणाऱ्याची पारख हीच काय ती हमी.

शहरांत नोकरी अगर व्यवसाय करून गांवाकडची दोनपांच एकर जमीन राखणारीं कुटुंबें महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. कोणी निवृत्तीनंतर तेथें राहावयास जातो. कोणी भावाच्या अगर पुतण्याच्या स्वाधीन शेती करून हंगामाला पैसे पुरवितो. अशा घरांत केव्हां ना केव्हां ट्रॅक्टरचा विषय निघतोच. चाळीसपन्नास अश्वशक्तीचा मोठा ट्रॅक्टर लहान तुकड्याला परवडत नाहीं, आणि नाशिक किंवा सांगली जिल्ह्यांतील द्राक्षबागेंत तो दोन ओळींमधून फिरविणेंहि अवघड जातें. तेथें पंधरापासून तीसपर्यंत अश्वशक्तीचा, लोक ज्याला मिनी ट्रॅक्टर म्हणतात, तोच उपयोगी पडतो. महिंद्र कंपनीचा एका सिलिंडरचा, सुमारें १५ अश्वशक्तीचा युवराज २१५, किंवा कुबोटा कंपनीचा तीन सिलिंडरांचा, २४ अश्वशक्तीचा निओस्टार बी २४४१, हीं या वर्गांतलीं परिचित नांवें होत.

असल्या ट्रॅक्टराच्या तोंडाशीं कधीं कधीं लोडर बसविलेला असतो. दोन लोखंडी भुजा, त्यांच्या टोंकाला सुपासारखी बकेट, आणि तेलाच्या दाबानें त्या भुजा उचलणारे व बकेट कलविणारे सिलिंडर, असें त्याचें साधें स्वरूप आहे. शेणखत ट्रॉलींत भरणें, मातीचा ढीग पसरणें, छाटणीच्या काड्या गोळा करून बांधापलीकडे टाकणें, हीं कंबर मोडणारीं कामें तो बसल्या बसल्या करूं देतो. मजूर मिळेनासे झालेल्या दिवसांत त्याचा मोह पडावा यांत नवल नाहीं. त्यांतून जुन्या ट्रॅक्टराबरोबर लोडर आयता मिळत असला, म्हणजे घेणाऱ्याला तो वरकड लाभच वाटतो. परंतु खरी गोष्ट निराळी आहे. लोडर हा त्या ट्रॅक्टराचा अलंकार नव्हे. त्यानें सोसलेल्या कष्टांचा तो साक्षीदार आहे. त्याची साक्ष नीट घेतल्यावांचून सौदा करूं नये.

ही साक्ष समजण्यासाठीं ट्रॅक्टरची मूळ प्रकृति ध्यानांत घेतली पाहिजे. ट्रॅक्टर हा मागें ओढण्यासाठीं जन्मलेला आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश इंजिनिअरानें अवजार ट्रॅक्टराच्या पाठीशीं तीन दांड्यांनीं जोडण्याची युक्ति काढली. १९३९ मध्यें हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरामुळें ती सर्वत्र पसरली, आणि आजहि लहानमोठ्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागें तीच जोडणी दिसते. नांगर किंवा रोटाव्हेटर मागें, जोर मागें, मोठीं चाकें मागें, अशी ही रचना आहे. पुढचीं चाकें लहान असतात. त्यांचें मुख्य काम दिशा देण्याचें. लोडर जोडला कीं हा सगळा क्रम उलटा होतो. जड ओझें लहान चाकांच्याहि पुढें जाऊन लोंबूं लागतें. नाकापेक्षां मोती जड, ही म्हण येथें शब्दशः खरी ठरते.

शाळेंत शिकलेला तरफेचा नियम येथें उपयोगी पडेल. समजा, एका छोट्या ट्रॅक्टराचें वजन ९०० किलो आहे; त्यांतील ३६० किलो पुढच्या चाकांवर व ५४० किलो मागच्या चाकांवर पडतें. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर दीड मीटर धरूं. आतां बकेटमध्यें ३०० किलो ओली माती भरली, आणि ती पुढच्या आंसाच्या एक मीटर पुढें आहे. पुढचा आंस हा तरफेचा टेकू झाला. ३०० ला १ नें गुणून दीडनें भागलें, म्हणजे मागच्या चाकांवरून उचलला जाणारा भार निघतो : २०० किलो. तो भार आणि मातीचे ३०० किलो मिळून ५०० किलोंचा नवा बोजा पुढच्या आंसावर येतो. म्हणजे पुढें ३६० चे ८६० झाले आणि मागें ५४० चे ३४० राहिले. लोडरचें स्वतःचें वजन यांत धरलेलेंच नाहीं. जो आंस दिशा देण्यासाठीं केला, त्याला दुपटीहून अधिक भार घेऊन खडबडीत जमिनीवर वर्षानुवर्षें वळावें लागलें, हा या गणिताचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ याहून गंभीर आहे; तो पुढें येईल.

म्हणून लोडरच्या ट्रॅक्टराची परीक्षा इंजिनापासून नव्हे, तर पुढच्या आंसापासून सुरू करावी. पुढचा भाग जॅकनें उचलून खालीं भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. मग प्रत्येक चाक वरखालीं धरून हलवून पाहावें. खडखडलें, तर बेअरिंग किंवा किंगपिन झिजली आहे. आंसाच्या मध्यावर एक जाड पिन असते. तिच्यावर सगळा आंस पाळण्यासारखा डोलतो. त्या पिनेंत किती ढिलाई आहे तें पाहावें. स्टीअरिंगचें चाक किती फिरविल्यावर पुढचीं चाकें हलूं लागतात, याची नोंद घ्यावी. चारहि चाकांना गति देणारा ट्रॅक्टर असल्यास पुढच्या चाकांच्या आंतल्या बाजूस तेल पाझरलें आहे काय, हें बोट फिरवून पाहावें. पुढचे टायर एकाच कडेला झिजले असतील, तर आंस वांकल्याचा किंवा चाकांची जुळणी बिघडल्याचा संशय धरावा.

यानंतर लोडर. भुजा व बकेट जेथें जेथें जोडलेल्या असतात तेथें पिना आणि बुश असतात. ज्यानें दर आठदहा तासांनीं ग्रीस दिलें त्याच्या पिना गोल राहतात. ज्यानें दिलें नाहीं त्याच्या पिनांचीं भोंकें अंड्याच्या आकाराचीं होतात. बकेट जमिनीपासून टीचभर उचलून पहारीनें बाजूला रेटली, कीं ही ढिलाई डोळ्यांना दिसते. पिना व बुश बदलतां येतात. भोंकेंच फाकलीं असतील तर मात्र काम वाढतें. दोन्ही भुजा समोरून पाहिल्यास एका पातळींत असल्या पाहिजेत. बकेटचा एकच कोंपरा घालून मुळें किंवा दगड उखडण्याची खोड पुष्कळांना असते, आणि तिनेंच भुजांना पीळ पडतो.

सर्वांत जपून पाहावयाची जागा म्हणजे लोडरची चौकट ट्रॅक्टरच्या अंगाला जेथें बोल्टांनीं आवळली आहे ती. मिनी ट्रॅक्टराला स्वतंत्र सांगाडा सहसा नसतो. इंजिन, क्लचचें घर आणि गिअरपेटी यांचे ओतीव तुकडे एकमेकांना जोडून त्याचा कणा बनतो. चांगल्या लोडरची चौकट मागच्या आंसापर्यंत पोंचते आणि धक्का सगळ्या अंगावर वांटते. गांवच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत घाईनें केलेली चौकट पुष्कळदां पुढेंच संपते, आणि प्रत्येक हिसका त्या ओतीव लोखंडाला बसतो. म्हणून तेथील धूळ व ग्रीस पुसून, विजेरीच्या उजेडांत केसाएवढी चीर तरी आहे काय, हें पाहावें. एखाद्याच जागीं ताजा रंग दिसला, तर त्याच्याखालीं वेल्डिंग आहे काय, हें विकणाऱ्याला उघड विचारावें. दुरुस्ती असणें हा गुन्हा नव्हे. ती झांकणें ही मात्र वाईट खूण होय.

मग तेलाचा दाब. बकेट भरून गुडघ्याइतकी उचलावी, इंजिन बंद करावें आणि पांचदहा मिनिटें नुसतें पाहत राहावें. जुन्या यंत्रांत ती थोडी खालीं येणारच; परंतु पाहतां पाहतां जमिनीला टेकली, तर सिलिंडरचीं सीलें किंवा झडपा झिजल्या आहेत. या वेळीं तिच्याखालीं कोणाचा पाय असूं नये. सिलिंडरचा चकचकीत दांडा गंजून खडबडीत झाला असेल, तर नवीं सीलें घालूनहि तीं लवकर फाटतील. तेल दुधासारखें दिसलें, तर त्यांत पाणी शिरलें आहे. गळती मात्र कधींहि हातानें चाचपूं नये. पुठ्ठा धरून पाहावी. सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून निघालेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आंत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते. परंतु ताबडतोब शस्त्रक्रिया झाली नाहीं, तर बोट किंवा हातहि गमावण्याची पाळी येते.

लोडरचें काम म्हणजे चार हात पुढें आणि चार हात मागें. नांगरणींत क्लच एकदां सोडला कीं तो शेताच्या दुसऱ्या टोंकापर्यंत स्वस्थ असतो. खत भरतांना तो मिनिटांत कितीदां तरी दाबला जातो. म्हणून त्याचीहि परीक्षा हवी. समोर मोकळी जागा ठेवून ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्यें घालावा, ब्रेक घट्ट दाबावे आणि क्लच हळू सोडावा. इंजिन दबून बंद पडलें तर क्लच धड आहे. तें तसेंच चालत राहिलें आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाहीं, तर क्लच घसरतो आहे. तो बदलण्यासाठीं ट्रॅक्टर मधोमध उकलावा लागतो, हें खर्चाचा अंदाज करतांना विसरूं नये.

इंजिनाकडे सर्वांत शेवटीं वळावें. पण तें गार असतांना. घेणारा येणार म्हटल्यावर पुष्कळ विकणारे तें आधींच चालवून गरम करून ठेवतात, म्हणून प्रथम त्याला हात लावून पाहावा आणि शक्य तर सकाळीं लवकर जावें. गार इंजिन किती प्रयत्नांत सुरू होतें आणि धूर कसा सोडतें, यांत त्याचें बरेंचसें आयुष्य कळतें. निळसर धूर टिकून राहिला तर तें इंजिन-तेल जाळतें आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरहि थांबला नाहीं, तर डिझेल अर्धवट जळतें आहे किंवा पाणी आंत जात आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानानें डिझेल जास्त. चालू इंजिनाच्या तेल भरावयाच्या तोंडावरील झांकण सैल केल्यावर धुराचे लोट फकफक बाहेर येऊं लागले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचें समजावें.

तासांचा मीटर किती दाखवितो, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्या उत्तरावर फारसा भार ठेवूं नये. जुन्या पद्धतीचा मीटर घड्याळाप्रमाणें चालत नाहीं. तो इंजिनाचे फेरे मोजतो आणि ठराविक वेगानें एक तास चालल्यावर एक तास पुढें सरकतो. मंद गतीनें चाललेल्या इंजिनाचा तास त्यांत कमी भरतो, आणि केबल तुटली तर तो थांबतोच. त्यापेक्षां क्लचच्या व ब्रेकच्या पायपट्ट्या अधिक बोलक्या असतात. मीटर हजाराच्या आंत असून पायपट्टीचे दांते पार गुळगुळीत झाले असले, तर दोघांपैकीं पायपट्टीवर विश्वास ठेवावा.

लोखंडाची परीक्षा झाली कीं कागदांची. आर. सी. बुकांतील इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक यंत्रावर ठोकलेल्या क्रमांकांशीं अक्षरशः जुळले पाहिजेत. विकणारा आणि बुकांतला मालक एकच आहे कीं मध्यें दलालानें नुसत्या सह्यांच्या कागदांवर व्यवहार चालविला आहे, तें पाहावें. बुकांत बँकेचा अगर फायनान्स कंपनीचा बोजा असला, तर कर्ज फिटल्याचें पत्र व ३५ क्रमांकाचा नमुना मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊं नयेत. मालकी बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. विम्यावरील नांव बदलण्याचा अर्जहि १४ दिवसांच्या आंत करावा.

हे सोपस्कार कंटाळवाणे वाटतात, आणि गांवच्या व्यवहारांत ते राहून जातात. परंतु २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका मोटार अपघाताच्या प्रकरणांत असें ठरविलें, कीं गाडी हातोहात कितीहि जणांकडे गेली, तरी सरकारी नोंदींत ज्याचें नांव राहिलें त्यालाच भरपाईच्या दृष्टीनें मालक धरावयाचें. म्हणजे जुना ट्रॅक्टर विकून निर्धास्त झालेल्या मनुष्याच्या दारीं, त्यानें न पाहिलेल्या अपघाताची मागणी येऊं शकते. हा धडा विकणाऱ्यासाठीं जितका, तितकाच घेणाऱ्यासाठीं आहे. कारण आजचा घेणारा उद्यांचा विकणारा असतो.

आतां वर राखून ठेवलेला, तरफेच्या गणिताचा दुसरा अर्थ. बकेट भरली कीं मागच्या चाकांवर ५४० ऐवजीं ३४० किलो राहतात. छोट्या ट्रॅक्टराचे ब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतात. हलकीं झालेलीं चाकें जमीन धरीत नाहींत. उतारावर ब्रेक दाबावा, तर चाकें थांबतात आणि ट्रॅक्टर घसरतच राहतो. शिवाय पुढचा आंस मधल्या पिनेवर डोलत असल्यामुळें, दिसावयास चार चाकें असलीं तरी ट्रॅक्टर खरोखर तीन बिंदूंवर उभा असतो : मागचीं दोन चाकें आणि पुढची ती पिन. तिपाईचा तोल कोंपऱ्याकडे लवकर जातो. त्यांत भरलेली बकेट डोक्याइतकी उंच धरून वळण घेतलें, म्हणजे ट्रॅक्टर कुशीवर पडण्यास एक खड्डा पुरतो.

यावरील उपाय महाग नाहींत. मागच्या जोडणीला वजन अडकवावें. आधींच्याच उदाहरणांत मागच्या आंसाच्या पाऊण मीटर मागें २०० किलोंचा सिमेंटचा ठोकळा लावला, तर मागच्या चाकांवरील भार ३४० चा ६४० होतो, आणि पुढच्या आंसावरचा ८६० वरून ७६० वर उतरतो. एकाच ठोकळ्यानें ब्रेकहि परत मिळतात आणि आंसाचें आयुष्यहि वाढतें. म्हणून विकणाऱ्याकडे असें वजन आहे काय, हें अवश्य विचारावें. तें कधींच नव्हतें असें कळलें, तर त्या पुढच्या आंसाकडे पुन्हा एकदां पाहावें. चालतांना बकेट नेहमीं खालीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवावी, आणि चारहि चाकांना गति देण्याची सोय असल्यास ती उतारावर जोडलेली असूं द्यावी.

दुसरा उपाय म्हणजे बसणाऱ्याच्या मागें उभी केलेली संरक्षक लोखंडी कमान आणि तिच्याबरोबर कंबरपट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी ही कमान माणसासाठीं जागा राखते, आणि पट्टा त्याला त्या जागेंत धरून ठेवतो. स्वीडन देशानें १९५९ मध्यें नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान सक्तीची केली. त्यानंतरच्या दशकांत तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु फार मोठ्या प्रमाणांत घटले. फांद्या अडकतात म्हणून कित्येक बागांत ही कमान काढून कोंपऱ्यांत टाकलेली असते. तिची चौकशी करून ती परत बसवून घ्यावी. नसल्यास कारखान्यानें त्याच ट्रॅक्टरासाठीं केलेली मिळते काय, तें पाहावें. घरगुती नळ्या वांकवून केलेली कमान खोटा धीर देते, भार घेत नाहीं.

किंमत ठरवितांना या सर्व परीक्षांचा एक कागद करावा. एका बाजूस धड असलेल्या ट्रॅक्टराचा बाजारभाव लिहावा, दुसऱ्या बाजूस क्लच, टायर, पिना-बुश, सीलें यांपैकीं जें जें करावें लागेल त्याचा विश्वासू मिस्त्रीनें सांगितलेला खर्च मांडावा, आणि वजाबाकी करावी. लोडरसाठीं वेगळी किंमत द्यावयाची ती त्याच्या चौकटीकडे पाहून द्यावी. कण्याला चीर असेल, तर वजाबाकी न करतां उठावें. तसा ट्रॅक्टर स्वस्त कितीहि मिळाला तरी महागच पडतो.

या कागदावर मागच्या वजनाचा आणि कमानीचा खर्च पहिल्या ओळींत लिहिला जावा, कारण शहरांतल्या घरांत एक गोष्ट सहज नजरेआड होते. पैसे देणारा एक असतो आणि ट्रॅक्टरवर बसणारा दुसराच. तो पुतण्या असेल, वाटेकरी असेल, रोजावर ठेवलेला चालक असेल. घेणाऱ्यानें जी चीर पाहिली नाहीं, जें वजन काटकसर म्हणून लावलें नाहीं, त्याची किंमत त्या माणसाला बांधाच्या उतारावर मोजावी लागते. सौदा चांगला झाला कीं नाहीं, हें पैसे किती वांचले यावरून ठरवूं नये; कामावर गेलेला माणूस संध्याकाळीं धडधाकट घरीं येतो कीं नाहीं, यावरून ठरवावें.